सातव्या दिवसाची भाकरी

कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील खेड्यांत तेलाचे घाणे चालविणाऱ्या बेने इस्राएल समाजास शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज या भूमीत आले, अशी या यहुदी समाजाची परंपरा आहे. धर्मग्रंथ हातचे गेले, भाषा मराठी झाली, सणांना ‘खिरीचा सण’ अशी मराठमोळी नावे पडली. मात्र शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम सुटला नाही.

या नेमाचा अर्थ निव्वळ उपासनेपुरता नाही. मालक, त्याचे दासदासी, दारी आलेला परका आणि बैलदेखील, या सर्वांना विसावा द्यावा, अशी मूळ आज्ञा आहे. वैदर्भीय शेतकरी पोळ्याला बैलाच्या मानेवरून जू उतरवितो ते वर्षातून एकदा. शनिवार तेल्याच्या घाण्याचा बैल दर आठवड्यास मोकळा होई. आज्ञेचे कारणही धर्मग्रंथात दिले आहे: तुम्ही मिसर देशात गुलाम होता, हे विसरू नका. वल्हांडण सणात याच गुलामीची आठवण दरवर्षी जागविली जाते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने थांबून पाहावी अशी कथा आहे ती मान्नाची. रानात भटकणाऱ्या लोकांना रोज आकाशातून अन्न मिळे व ते रोजच्या रोज गोळा करावे लागे. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे, कारण सातव्या दिवशी ते पडत नसे. विश्रांतीची आज्ञा देणाऱ्याने त्या दिवसाच्या भाकरीची तजवीज आधी केली होती. हा भाग वगळून नुसती विश्रांती सांगणे म्हणजे गरिबास उपास सांगणे होय.

मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली आणि १८९० मध्ये मालकांनी रविवार मान्य केला. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झालेल्या नागपूरलाही या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये. सुटी एकट्यादुकट्याने घेता येत नाही. एक घाणा बंद राहिला तर गिऱ्हाईक दुसऱ्या घाण्याकडे जाते. शनिवार तेल्यांच्या पाठीशी अवघ्या समाजाचा नेम होता. गिरणी कामगाराच्या पाठीशी संघटना व पुढे कायदा उभा राहिला. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने तर सुटीच्या दिवसाचे वेतनही तत्त्वतः मान्य केले.

तथापि कळमन्यात पोत्यामागे मजुरी घेणारा हमाल, बांधकामावरील रेजा किंवा मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोहोचविणारा तरुण यांच्या लेखी सुटी म्हणजे बुडालेला रोज. पगारी रविवार उपभोगणाऱ्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरी त्याच दिवशी भांडी घासणाऱ्या बाईचा खाडा मात्र पगारातून कापला जातो. तो न कापण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. आणि पोत्यामागील दर ठरविताना सहा दिवसांच्या हमालीत सात दिवसांचे पोट धरले आहे काय, हे अडते व हमालांच्या संघटनांना एकत्र बसून तपासता येईल.