हलाल तर आहे, तय्यब आहे का?



मागच्या जुम्म्याला घरी पाहुणे येणार होते, म्हणून चाकणच्या बाजारातून दोन किलो चिकन आणले. धुऊन ठेवले, तर थोड्या वेळात भांड्याच्या तळाशी गुलाबी पाणी साचले. मांस फिकट आणि मऊ दिसत होते. सासूबाई म्हणाल्या, "कोंबडी आजारी होती का गं?"

माझा एक जुना विद्यार्थी खेड तालुक्यात करार पद्धतीने ब्रॉयलर पाळतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, आजारी असेलच असं नाही. बहुतेक खूप घाबरलेली असेल." त्याने जे समजावले आणि नंतर मी जे वाचले, ते आज तुमच्यासमोर ठेवते.

ब्रॉयलर कोंबडी साधारण 35 ते 42 दिवसांत विक्रीला तयार होते. आतडी रिकामी राहावीत आणि कापताना मांसाला घाण लागू नये, म्हणून जबह करण्याआधी 8 ते 12 तास तिचे खाद्य बंद करतात. पाणी मात्र शेवटपर्यंत चालू हवे. मग पाय धरून पकडणे, क्रेटमध्ये कोंबणे, टेम्पोचा प्रवास. आपल्या तळेगाव चौकातली वाहतूक कोंडी तुम्हाला ठाऊकच आहे. भर उन्हात तिथे अडकलेल्या टेम्पोतल्या कोंबड्यांना घाम येत नाही, त्यांना फक्त धाप लागते.

भीतीने आणि उष्म्याने स्नायूंमधली साठवलेली साखर झपाट्याने वापरली जाते आणि तिचे आम्ल होते. मांस गरम असतानाच हे आम्ल वाढले, तर मांसाची पाणी धरून ठेवण्याची ताकद जाते. आमच्या भांड्यात साचले ते हेच पाणी. उलट, उपास आणि प्रवास फार लांबला, तर साखर आधीच संपते. मग मांस गडद, कोरडे होते आणि लवकर खराब होते.

यावर खाद्यातून किंवा पाण्यातून काही पूरक घटक देतात. कोंबडीचे शरीर क जीवनसत्त्व स्वतः बनवते, पण कडक उन्हाळ्यात ते कमी पडते, म्हणून ते वरून देतात. धापेने रक्तातले क्षार बिघडतात, त्यासाठी खायचा सोडा आणि पोटॅशियमचे क्षार पाण्यातून देतात. ई जीवनसत्त्व काही आठवडे खाद्यातून दिले, तर मांसातली चरबी लवकर खवट होत नाही. मॅग्नेशियम आणि ट्रिप्टोफॅन कोंबडीला शांत ठेवण्यासाठी वापरून पाहिले गेले आहेत, पण त्यांचा परिणाम सगळीकडे सारखा दिसत नाही.

माझा विद्यार्थी म्हणाला ते मला पटले: "पावडर मदत करते बाई, पण क्रेटमध्ये दहाच्या जागी पंधरा कोंबल्या तर पावडर काय करणार?"

सूरह अल-बकराच्या 168व्या आयतीत हलाल आणि तय्यब हे दोन्ही शब्द सोबत आले आहेत. सहीह मुस्लिममध्ये हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांची हदीस आहे. तिचा आशय असा, की अल्लाहने प्रत्येक गोष्टीत भलाईने वागणे ठरवून दिले आहे, म्हणून जबह करतानाही ते चांगल्या रीतीने करा, सुरीला धार लावा आणि जनावराला आराम द्या. मी आजवर दुकानात एकच प्रश्न विचारत आले, "हलाल आहे ना?" म्हणजे शेवटच्या क्षणाची चौकशी केली. त्याआधीचे बारा तास कधी माझ्या मनातही आले नाहीत.

इथे कुणी वसवशात पडू नये. कोंबडी घाबरली म्हणून तिचे मांस हराम होत नाही. मसला विचारायचा असेल तर आपल्या आलिमांना विचारा. पण एक गोष्ट स्पष्ट आहे: टेम्पोत किंवा पिंजऱ्यात आधीच मेलेली कोंबडी मुर्दार आहे. ती स्वस्तात मिळाली तरी नको. म्हणून शक्यतो जिवंत, डोळे टवटवीत असलेली कोंबडी समोर निवडून घ्या.

आणखी तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. उन्हाळ्यात चिकन सकाळी लवकर आणा. पिंजऱ्यावर सावली आणि आत पाणी आहे का, ते बघा आणि नसेल तर अदबीने सांगा. एका कोंबडीला दुसरीसमोर जबह करू नका, असेही सांगा. आपले दुकानदार भाई पहाटेपासून राबतात, त्यांच्याशी भांडण नको. पण गिऱ्हाईक विचारते हे कळले, की फरक पडतो.

रविवारी मी आमच्या दुकानदार भाईंना पाण्याचे विचारले. ते क्षणभर गप्प राहिले, मग मुलाला म्हणाले, "जा रे, ते भांडं भरून आण." पाणी ठेवताच चार-पाच कोंबड्या एकदम चोच बुडवून पिऊ लागल्या. किती वेळच्या तहानलेल्या होत्या, कोण जाणे.