वर एकाला, खाली दुसऱ्याला

परवा आमच्या भिशीत चिठ्ठी निघायच्या आधीच वादाला तोंड फुटलं. विषय नेहमीचा नव्हता. म्हणजे मुलांचे मार्क नाहीत, सोन्याचा भाव नाही, कुणाची सूनही नाही. एक वहिनी म्हणाल्या, "एकाच गावात, एकाच दिवशी वर एका पक्षाला मतं आणि खाली दुसऱ्याला, असं कसं होईल? मशीनमध्येच काहीतरी आहे." त्यावर पलीकडच्या काकू पोह्यांची बशी खाली ठेवून शांतपणे म्हणाल्या, "अगं, मीच दिलंय तसं. मी काय मशीन आहे का?"

सगळ्या हसल्या. पण मैत्रिणींनो, घरी आल्यावर मला वाटलं, वहिनींची शंका आणि काकूंचं उत्तर दोन्ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

साताऱ्याच्या बायकांना तर हा अनुभव जुना आहे. २१ ऑक्टोबर २०१९ ला आपण एकाच रांगेत उभं राहून दोन बटणं दाबली होती. एक विधानसभेचं आणि एक लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं. मशीनवरचा कागद लोकसभेचा पांढरा, विधानसभेचा गुलाबी. तीन दिवस आधी शरद पवारांची भर पावसातली सभा झाली होती, ती अजून सगळ्यांच्या डोळ्यासमोर असेल. निकाल लागला तेव्हा लोकसभेला राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांना ६,३६,६२० आणि भाजपच्या उदयनराजेंना ५,४८,९०३ मतं होती. फरक ८७,७१७ चा. आता त्याच दिवशीचे, त्याच लोकसभा मतदारसंघातले सहा आमदार बघा. वाई आणि कऱ्हाड उत्तर राष्ट्रवादीकडे, कऱ्हाड दक्षिण काँग्रेसकडे. कोरेगाव आणि पाटण शिवसेनेकडे, सातारा भाजपकडे. म्हणजे आघाडी तीन, युती तीन. खुद्द सातारा मतदारसंघात भाजपचे शिवेंद्रराजे ४३,४२४ मतांनी निवडून आले आणि त्यांच्याच पक्षाचा खासदारकीचा उमेदवार मात्र पडला.

मतं जर पक्षाच्या गाठोड्यात घट्ट बांधलेली असती, तर हे झालं असतं का? आमदार निवडताना बाई कॅनॉलचं पाणी, ऊसबिल, दवाखाना बघते. खासदाराच्या वेळी तिच्या मनात दुसरंच काही असतं. तेव्हा पक्ष बदलल्याचा राग होता, पावसाचं कौतुक होतं, आणि कुणाकुणाला श्रीनिवास पाटलांचा साधेपणा आवडला होता. एकाच घरातली एकच बाई दोन्हीकडे वेगळं वागली, यात गैर काहीच नाही.

आणखी एक गंमत सांगते. त्याच वर्षी एप्रिलमधल्या लोकसभेला उदयनराजे राष्ट्रवादीकडून उभे होते, तेव्हा त्यांना ५,७९,०२६ मतं होती आणि ते १,२६,५२८ मतांनी जिंकले होते. सहा महिन्यांनी पक्ष बदलला, तेव्हा त्यांची स्वतःची मतं कमी झाली फक्त तीस हजारांच्या आसपास. तरी ते हरले, कारण समोरच्याची मतं ४,५२,४९८ वरून ६,३६,६२० वर गेली. नुसता जय-पराजय वाचणारीला वाटेल, लोकांनी त्यांच्याकडे पार पाठ फिरवली. आकडे वाचणारीला वेगळंच दिसेल. म्हणून मी म्हणते, निकालाची बातमी वाचून पेपर घडी घालून ठेवू नका, खालचा तक्ता वाचा. सांगलीकडे २०१९ लाच पलूस-कडेगावात विश्वजित कदमांच्या खालोखाल मतं 'नोटा'ला होती, २०,६३१. म्हणजे वीस हजार माणसं रांगेत उभी राहून 'यातलं कुणीच नको' असं सांगून गेली. हे मथळ्यात कुठे कळतं?

अर्थात काकूंचं उत्तर बरोबर म्हणून वहिनींची शंका खोटी ठरत नाही. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. त्यांचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. आणि त्याच मशीनवर एका अपक्षाला जी पिपाणी दिली होती, तिचं नाव मराठीत छापलं 'तुतारी'. त्या अपक्षाला मतं पडली ३७,०६२. सगळी चुकून पडली असं मी म्हणणार नाही, मनातलं कुणी मोजलंय? पण आमच्या शेजारच्या आजी आजही म्हणतात, "मला सांगितलेलं तुतारी, मी दाबली तुतारी." इथे मशीनने काही केलं नाही. गोंधळ चिन्हांच्या यादीत होता, आणि ती यादी करणारं कार्यालय आपल्या आजींना विचारून करत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभा झाली. संध्याकाळी पाच वाजता ५८.२२ टक्के मतदान सांगितलं गेलं आणि शेवटचा आकडा आला ६६.०५. केवढा गदारोळ झाला! आयोगाचं म्हणणं असं, की पाचचा आकडा केंद्रांवरून कळवलेला अंदाज असतो आणि सहाच्या आत रांगेत आलेल्यांना चिठ्ठ्या देऊन मत द्यायला लावतात. मला हे पटतं, मी स्वतः कामावरून येऊन अशा रांगेत उभी राहिले आहे. पण पटवायचं काम आयोगाचं आहे, आणि ते आकड्यांनी करायचं असतं.

आकडा असतोही बरं का. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष एक फॉर्म भरतात, १७-सी. त्यात त्या मशीनमध्ये एकूण किती मतं नोंदली गेली ते लिहितात आणि त्याची प्रत तिथे बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना देतात. मोजणीच्या दिवशी मशीनमधला आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे. मग शेवटी फॉर्म २० निघतो, त्यात केंद्रवार कुणाला किती ते असतं. हा फॉर्म कुणालाही बघता येतो. पण १७-सी ची प्रत कुणाच्या हातात पडते? पोलिंग एजंटच्या. आमच्या शाळेतल्या बूथवर मी आजवर एकही बाई एजंट म्हणून बसलेली पाहिली नाही. वाटण्या, रांगोळ्या, हळदीकुंकवाचा प्रचार आपल्याकडे, आणि कागद पुरुषांकडे!

आता खालच्या निवडणुका घ्या. नगरपालिकेला आपण नगराध्यक्षाला एक आणि प्रभागातल्या प्रत्येक जागेला एक अशी मतं देतो. जिल्हा परिषदेच्या वेळी गटाचं वेगळं, गणाचं वेगळं. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, दिल्लीचा आयोग नव्हे. २०११ पासून इथे निम्म्या जागा आपल्या आहेत. आणि नेमक्या इथेच, २०२५ च्या नगरपालिकांना, मत कुणाला गेलं ते सात सेकंद दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी नव्हती. एका प्रभागात अनेक जागा असल्याने तशी सोय नाही, असं कारण दिलं गेलं. मला हे कारण काही पचत नाही. चार-दोन मतांनी पडायची वेळ खासदारावर क्वचित येते, नगरसेविकेवर नेहमी येते. चिठ्ठीची गरज तिला जास्त.

शंका कागदाने मिटली नाही की काय होतं, ते शेजारच्या माळशिरस तालुक्यात दिसलं. २०२४ च्या विधानसभेत मारकडवाडीत राम सातपुतेंना १,००३ आणि उत्तम जानकरांना ८४३ मतं निघाली. जानकर निवडून आले होते, तरी गावकरी म्हणाले, आमच्या गावात त्यांना एवढी कमी मतं पडतील कशी? त्यांनी ३ डिसेंबरला स्वतःच मतपत्रिका छापून पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. जमावबंदी लागली, पोलीस आले, मतदान काही झालं नाही. कायद्याने तसं मतदान घेता येत नाही हे खरं. पण पोलीस पाठवून शंका जात नाही, ती उलट घरोघरी जाते.

मात्र या प्रकरणात मला दुसरंच काहीतरी टोचलं. गावाने कुणाला किती दिलं, हे सगळ्या महाराष्ट्राला कळलं! पूर्वी कागदी मतपत्रिका असायच्या, तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. मशीन आली आणि मोजणी केंद्रवार झाली. मोठ्या गावात चालून जातं. पण दोन-तीनशे मतांच्या वस्तीवर? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी अशाच वस्तीवरच्या. निकालानंतर आठ दिवसांनी त्यांच्याकडे टँकर आला नाही. विचारायला गेलेल्या बायकांना तिथल्या कार्यकर्त्याने मोबाइलवर आकडा दाखवला, "तुमच्या बूथवर आम्ही एवढेच. टँकर त्यांच्याकडे मागा." मावशी मला म्हणाल्या, "ताई, नवऱ्याला नाही सांगितलं मी, कुणाला दिलं ते. ह्या बाबाला कसं कळलं?"

यावर उपाय सुचवलेला आहे. अनेक केंद्रांची मशीनं एकत्र जोडून बेरीज दाखवणारं टोटलायझर नावाचं यंत्र. आयोगाने २००८ मध्ये ते सरकारला सुचवलं, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात पाठिंबा दिला, केंद्र सरकारने पुढे नकार दिला. कुठे आपण कमी पडलो ते पक्षांना कळायला हवं म्हणे. पक्षांना कळतं ते कशासाठी वापरलं जातं, ते मावशींना विचारा.

मी हे भिशीत मांडलं तर वहिनींनी लगेच पकडलं. "मग मारकडवाडीसारखी शंका आली तर तपासायचं कसं? सगळं मिसळून टाकलं तर आमच्या गावाची मतं शोधायची कुठे?" प्रश्न बिनतोड आहे. माझं उत्तर अर्धंच आहे. एकूण मतदान किती झालं तो १७-सी चा आकडा प्रत्येक केंद्राचा त्याच रात्री जाहीर करावा, त्यात कुणाला किती ते नसतं, त्यामुळे वस्ती उघडी पडत नाही. कुणाला किती, ते मात्र दहा-पंधरा केंद्रं मिळून सांगावं. आणि तक्रार आली तर त्या केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मिसळून मोजाव्यात. आज त्या दर विधानसभा मतदारसंघात पाचच केंद्रांच्या मोजतात.

वहिनींना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. त्यांनी पुढच्या वेळी एजंट म्हणून बसायचं ठरवलंय, आणि १७-सी ची प्रत घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणतात. काकूंनी लगेच विचारलं, "कुणाचा एजंट गं, वरच्याचा की खालच्याचा?"