फिरतीच्या वाटेवरचं तेरखेडा

कामानिमित्त सोलापूरहून बीडकडे निघालात, तर येडशी, येरमाळा मागे पडल्यावर तेरखेड्यात थोडं थांबा. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातलं हे गाव फटाक्यांसाठी मराठवाडाभर ओळखलं जातं. शिवकाशीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. पण पावसाच्या भरवशावरच्या या कोरडवाहू मुलखातही दारूकामाचं कसब आहे, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. शेती हात देत नाही तेव्हा हेच काम अनेकांची चूल पेटती ठेवतं. जोखीमही मोठी; स्फोटांत इथल्या कामगारांचे जीव गेले आहेत. याच परिसरात येरमाळ्याची येडेश्वरी आहे, कुंथलगिरीचं जैन सिद्धक्षेत्र आणि तिथला नावाजलेला खवा आहे. याच जिल्ह्यातलं तेर म्हणजे रोमशी व्यापार करणारं प्राचीन तगर. हे सगळं कामाच्या बैठकीच्या कागदांत सापडत नाही. उतरून चहा घ्यावा लागतो, माणसांशी बोलावं लागतं. फिरतीवरच्या मंडळींनो, पुढच्या खेपेला तासभर राखून ठेवा. आणि दिवाळीत फटाक्याची वात पेटवताना, तो बनवणाऱ्या हातांच्या सुरक्षिततेचाही आग्रह धरा.