दोरीवरची खाकी

गेल्या दिवाळीत खर्ड्याला नणंदेकडे गेले होते. भाची पोलीसभरतीच्या तयारीला लागलेली. पहाटे उठून आठशे मीटर धावायचं, मग गोळाफेक. नणंदबाई मात्र हिरमुसलेल्या. चहा टाकता टाकता म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही तरी समजवा तिला. चोराचिलटांचं भय नाही हो मला. पण छातीवर नावाची पट्टी लागणार. आडनाव वाचलं की लोक ठरवून मोकळे, ही कुणाच्या बाजूची!"

त्यांचं बोलणं उगाच नव्हतं. 1795 च्या लढाईने खर्ड्याचं नाव इतिहासात गेलं. पण 2014 च्या एप्रिलात इथेच सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला, आणि 2017 च्या नोव्हेंबरात न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. बरेच साक्षीदार फितूर झाले होते.

मला आठवली बीबीसीची 'ब्लू लाइट्स' ही मालिका. 2023 मध्ये सुरू झाली. गाव बेलफास्ट, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वस्त्यांत दुभंगलेलं. तिथेही नावावरून, शाळेवरून माणसाची बाजू ओळखतात. त्यात तीन नवशिके पोलीस. ग्रेस चाळिशीतली, एकटीने मुलगा वाढवणारी. आधी समाजसेविका होती. ॲनी कॅथलिक, म्हणून आपल्याच माणसांत तिला नोकरी झाकून ठेवावी लागते. तिथल्या कित्येक पोलिसांच्या घरी वर्षानुवर्षं गणवेश बाहेर दोरीवर वाळत घालत नसत! 2001 साली तिथे जुन्या दलाच्या जागी नवं दल आलं, आणि दहा वर्षं निम्मी भरती कॅथलिकांतून केली. पोलीस आपल्यातलेही आहेत असं वाटल्याशिवाय लोक तोंड उघडत नाहीत, हे त्यांना उमगलं होतं.

नणंदबाईंना एवढंच विचारलं, "उद्या एखादी पोर घाबरून ठाण्यात आली, तर टेबलामागे कोण बसलेलं असावं?"

त्या काही बोलल्या नाहीत. कपबश्या मात्र तीन काढल्या, आणि भाचीला हाक मारली.

मैत्रिणींनो, दोन गोष्टी पदराला बांधून ठेवा. बलात्कार, विनयभंगासारख्या गुन्ह्यांत पीडित बाईची फिर्याद बाई अधिकाऱ्यानेच नोंदवावी, असा कायदा आहे. आणि गुन्हा नोंदवल्यावर त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्यावी. पण ठाण्यात बायाच नसतील, तर नोंदवणार कोण? तेव्हा घरातली पोर पहाटे धावायला निघाली, तर तिला अडवू नका. भिजवलेले चणे आणि कपभर दूध तेवढं हाताशी ठेवा.