'समजलं का?' असे विचारू नये



आपल्या भित्तिपत्रकात शाळेच्या बातम्या नेहमी सगळ्यात वर लावतात. मागच्या अंकात बातमी होती की मोठ्या गुरुजींची बदली झाली व त्यांच्या जागी नवीन बाई आल्या. निरोप समारंभ झाला, हार घातला, पेढे वाटले, असे त्यात लिहिले होते. ते खरेच आहे. पेढे दोन दोन मिळाले. पण गुरुजी गेल्यामुळे आमच्या वर्गाची काय अडचण झाली, ते त्या बातमीत नव्हते. म्हणून मी हा लेख लिहीत आहे. यात माझे मत आहे. कोणाला पटले नाही तर त्याने पुढच्या अंकात लिहावे, भांडू नये.

गुरुजी आपल्या शाळेत आठ वर्षे होते. आम्हाला ते पहिलीपासून ओळखत होते. पाढे म्हणताना कोण खरा म्हणतो आणि कोण नुसते ओठ हलवतो, ते त्यांना न बघता कळायचे. ते पण 'समजलं का?' असेच विचारत. आम्ही पण 'हो गुरुजी' असेच ओरडत असू. मग ते फळा पुसायचे आणि हळूच म्हणायचे, "तू थांब रे जरा मधल्या सुट्टीत." ज्याला समजले नसेल बरोबर त्यालाच थांबवायचे. आम्हाला वाटायचे गुरुजींना जादू येते. आता मला कळाले की ती जादू नव्हती, आठ वर्षे होती.

नवीन बाईंना आमची नावे पाठ व्हायला पंधरा दिवस लागले. त्यांची चूक नाही. तिसरी व चौथी एकाच खोलीत बसते, दोन्ही वर्ग त्यांच्याकडेच आहेत. त्यांनी चौथीला भागाकार शिकवला. ६१२ भागिले ६. फळ्यावर छान करून दाखवला, खडूने शून्याभोवती गोल पण केला. मग विचारले, "समजलं का?" आम्ही सगळे ओरडलो, "हो बाई!" सर्वात मोठ्याने मीच ओरडलो असेन, कारण माझा आवाज तसाच आहे.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, पाट्या काढा. फळ्यावरचे गणित त्यांनी पुसून टाकले होते. तेच ६१२ भागिले ६ परत सांगितले आणि म्हणाल्या, "कोणी कोणाचं बघायचं नाही. झालं की पाटी उलटी मांडीवर ठेवा. मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर करा." एक, दोन, तीन! सतरा पाट्या वर झाल्या. बाईंनी मोजून फळ्याच्या कोपऱ्यात आकडे लिहिले, नावे लिहिली नाहीत. १०२ उत्तर पाच जणांचे. १२ उत्तर नऊ जणांचे. दोघांचे भलतेच काहीतरी. एक पाटी कोरी.

मी त्या नऊ जणांत होतो. आदल्या दिवशी सतरा जणांनी 'हो' म्हटले होते आणि खरे 'हो' पाचच निघाले.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कागदाच्या खोट्या नोटा आणल्या. शंभराच्या सहा, दहाची एक आणि दोन रुपये. सहा जणांना पुढे बोलावले व म्हणाल्या वाटा. प्रत्येकाला शंभराची एक एक नोट मिळाली. मग दहाची नोट राहिली. ती सहा जणांत कशी वाटणार? फाडता येत नाही. म्हणून दहाच्या घरात कोणालाच काही मिळाले नाही, तिथे शून्य. ती नोट मोडून दहा रुपये आणले, त्यात दोन मिळवले, बारा झाले, प्रत्येकाला दोन दोन. शंभर आणि दोन, एकशे दोन. मला एकदम हसू आले. नुसत्या सहाशे रुपयांतूनच प्रत्येकाला शंभर येतात, तर मी बारा रुपये कसे काय लिहिले? इतके पैसे गेले कुठे? घरी बाबांनी मला दुकानात असा हिशेब करू दिला असता तर मार खाल्ला असता.

आता माझे मत सांगतो. 'समजलं का?' हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याचे उत्तर 'हो' सोडून दुसरे कोणी देऊच शकत नाही. 'नाही' म्हणायला उभे राहावे लागते. सगळे मागे वळून बघतात. तिसरीची पोरं पण बघतात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, ज्याला समजले नाही त्याला पुष्कळ वेळा माहीतच नसते की आपल्याला समजले नाही. मला कुठे माहीत होते? मी खोटे बोललो नव्हतो. मला खरंच वाटत होते की येते.

म्हणून विचारू नये, करायला लावावे. पाटी वर करायला एक मिनिट लागते. वही तपासायला बाईंना संध्याकाळ लागते आणि चूक आम्हाला दुसऱ्या दिवशी कळते, तोवर आम्ही तसलीच दहा गणिते चुकवून बसलेलो असतो.

पाटीचे गणितातच चालते असे नाही. इतिहासाच्या तासाला बाईंनी शिवरायांचा धडा शिकवला आणि शेवटी प्रश्न न विचारता सांगितले, धड्यातले एक चित्र पाटीवर काढा. तोरणा गड जिंकून शिवरायांनी स्वराज्याचे तोरण बांधले, असे बाई बोलल्या होत्या. माझ्या शेजारच्याने दार काढले आणि दाराला आंब्याच्या पानांचे तोरण काढले. चांगले काढले होते, पाने पण मोजून. त्याला वाटले होते शिवराय घराला तोरण बांधायला गेले होते. तोरणा हा पुणे जिल्ह्यातला मोठा डोंगरी किल्ला आहे, त्याला प्रचंडगड पण म्हणतात, हे त्याच्या डोक्यात गेलेच नव्हते. त्याला तोंडी विचारले असते, "शिवरायांनी काय बांधले?" तर तो म्हणाला असता "तोरण", आणि उत्तर बरोबर धरले असते.

विज्ञानाचे पण झाले. ओली पाटी सुकते तर पाणी जाते कुठे, असे बाईंनी विचारले. दहा जणांनी लिहिले, पाटीने पिले. मग बाईंनी स्टीलच्या ताटलीवर हात ओला करून फिरवला व उन्हात ठेवली. ती पण सुकली. ताटली तर पाणी पीत नाही! तेव्हा वाफ हा शब्द सगळ्यांना पटला. दुसरीत असल्यापासून वाफ वाफ म्हणत होतो, पण आमच्या मनात पाटीच पाणी पीत होती.

बाईंनी दुसऱ्या पण युक्त्या करून पाहिल्या. डोळे मिटून बोटे दाखवायची. समजले असेल तर एक बोट, थोडे समजले असेल तर दोन, काहीच नाही तर मूठ. ही मला फार पसंत नाही. बोटे पण 'हो'च म्हणतात. शिवाय डोळे मिटायला सांगितले तरी आमच्यातले काही जण फटीतून बघतात, मला माहीत आहे, कारण मी पण बघतो. घरी जाताना चिठ्ठी टाकायची युक्ती बरी आहे. आज काय कळाले नाही ते एका ओळीत लिहून डब्यात टाकायचे, नाव लिहायचे नाही. बाई अक्षरावरून ओळखतात, पण तसे दाखवत नाहीत, म्हणून चालते.

सगळ्यात अवघड युक्ती म्हणजे तिसरीच्या एखाद्याला शिकवायचे. मला एक पोरगं दिले. मी त्याला ऐटीत सांगायला लागलो, "इथं शून्य लिहायचं." तो म्हणाला, "का?" मी म्हणालो, "लिहायचं असतं." तो परत म्हणाला, "का पण?" मला नोटा आठवून सांगायला घाम फुटला. त्या दिवशी माझा भागाकार पक्का झाला. त्याचा झाला का ते माहीत नाही, तो तिसरीत आहे.

हे काही आमच्या बाईंनीच काढलेले खूळ नाही. बाईंनी सांगितले की २००९ साली मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला व तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २९ व्या कलमात दोन गोष्टी लिहिल्या आहेत. मुलाला किती समजले आणि ते त्याला वापरता येते का, हे सतत बघावे. आणि मुलाच्या मनात भीती राहू नये, त्याला मोकळे बोलता यावे. त्याला आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन म्हणतात. एवढे मोठे नाव मला पाठ करायला दोन दिवस लागले. साधे 'पाटी वर' म्हटले असते तर सर्वांना कळाले असते.

माझा चुलतभाऊ कॉलेजात असताना एकदा 'असर'च्या पाहणीला गेला होता. प्रथम नावाची संस्था २००५ पासून ती पाहणी करते. गावोगावी घरी जाऊन मुलांना वाचायला देतात आणि गणित घालतात. त्यात तीन आकडी संख्येला एका आकड्याने भागायचे असते, म्हणजे आमच्यासारखेच. तो म्हणाला, "तुला भागाकार येतो का, असं आम्ही विचारतच नाही. कागद पुढे ठेवतो आणि कर म्हणतो." बघा, ते पण विचारत नाहीत.

आमच्यातले काही जण म्हणतात, हे रोजच परीक्षा घेतल्यासारखे झाले, गुरुजींच्या वेळी बरे होते. त्यांचे एक म्हणणे मला मान्य आहे. पाटी वर केल्यावर कोणी हसले तर सगळे वाया जाते. पहिल्या दिवशी दोघे हसले होते. दुसऱ्या दिवशी चार जणांनी आधी इकडेतिकडे बघून मगच पाटी वर केली. म्हणजे ती त्यांची पाटी नव्हतीच, शेजाऱ्याची होती. म्हणून बाईंनी नियम केला, हसणाऱ्याने पुढे येऊन तेच गणित नोटांनी सोडवून दाखवायचे. आता कोणी हसत नाही. आणि याला गुण देऊ नयेत. गुण आले की आम्ही नक्कल करणार, हे मी आधीच सांगून ठेवतो.

आता त्या कोऱ्या पाटीचे सांगायचे राहिले. ती आमच्या वर्गातल्या एका मुलीची होती. तिचे आईवडील दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर जातात. मागच्या वर्षी ती पण बरोबर गेली व पाडवा झाल्यावर परत आली. तिसरीत भागाकार शिकवला तेव्हा ती इथे नव्हतीच. गुरुजींना ते माहीत होते. ते म्हणाले होते, जूनमध्ये तुझे पहिल्यापासून घेऊ. आणि जूनमध्ये गुरुजींचीच बदली झाली. नव्या बाईंना कोण सांगणार? ती स्वतः सांगत नाही. ती पण सगळ्यांबरोबर 'हो बाई' म्हणायची, रोज, दीड महिना. पाटी वर झाली नसती तर ती वर्षभर 'हो बाई' म्हणत बसली असती आणि दिवाळीनंतर परत निघून गेली असती.

बाई आता तिला रोज शाळा भरण्याआधी अर्धा तास बसवतात. दोनने भागायचे तिला येते. तीनचे चालू आहे. घोलपट्टी होते कधी कधी, पण पाटी कोरी नसते.

म्हणून माझी दुसरी मागणी अशी आहे. गुरुजींची बदली होते तेव्हा हार घालावा, पेढे वाटावेत. पण त्यांनी एक वही नव्या बाईंच्या हातात द्यावी. त्यात प्रत्येकाचे नाव आणि त्यापुढे त्याला काय येत नाही ते लिहावे. हजेरीपटात आम्ही आलो का नाही ते असते. आम्हाला काय कळाले नाही ते त्यात नसते. गुरुजींना सगळे तोंडपाठ होते, पण तोंडपाठ असलेले त्यांच्याबरोबर गाडीत बसून निघून गेले.

पुढच्या जूनमध्ये आम्ही सतरा जण पाचवीला शेजारच्या गावच्या शाळेत जाणार. तिथे तर आम्हाला कोणीच ओळखत नाही, आणि चार गावांची पोरं एका वर्गात असतात. बाई तशी वही करणार असतील तर माझ्या नावापुढे काय लिहायचे ते मी आताच सांगून ठेवतो. हातच्याची वजाबाकी येते. मध्ये शून्य येणारा भागाकार आला. अपूर्णांक येत नाही, जरी मी परवा 'हो' म्हटलो होतो.

– इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी