नेपाळ : राजा गेला, न्याय मात्र खोळंबला

२८ मे २००८ रोजी काठमांडू येथे संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपुष्टात आणली. सुमारे २४० वर्षे राज्य केलेल्या शहा घराण्याचे अखेरचे राजे ज्ञानेंद्र काही दिवसांतच राजवाड्यातून बाहेर पडले. त्या सत्तांतराच्या वेळी रक्त सांडले नाही, याचे जगाने कौतुक केले. पुढे १७ वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, त्याच शहरात संसद भवन जळाले. असे का घडले, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

१९९६ साली माओवाद्यांनी सशस्त्र युद्ध पुकारले. दहा वर्षांत सुमारे १७ हजार माणसे प्राणास मुकली. फेब्रुवारी २००५ मध्ये राजाने सर्व सत्ता हाती घेतली, तेव्हा सात राजकीय पक्ष आणि माओवादी एकत्र आले. एप्रिल २००६ मधील १९ दिवसांच्या जनआंदोलनापुढे राजाला नमावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शांतता करार झाला. युद्धात बेपत्ता व ठार झालेल्यांची माहिती साठ दिवसांत जाहीर करण्याचे वचन त्यात होते.

हे वचन पाळले गेले नाही. सत्यशोधनासाठी आणि बेपत्ता व्यक्तींच्या शोधासाठी आयोग नेमण्यासच २०१५ साल उजाडले. त्यांच्याकडे ६० हजारांहून अधिक तक्रारी आल्या. तरीही संबंधित कायद्यातील आवश्यक दुरुस्त्या संसदेत संमत होण्यास ऑगस्ट २०२४ उजाडावा लागला.

या दिरंगाईचे कारण उघड आहे. अत्याचाराचे आरोप लष्करावर होते, तसेच बंडखोरांवरही होते. युद्धकाळात सरकार चालवणारे आणि त्या सरकारविरुद्ध लढणारे नंतर एकाच मंत्रिमंडळात बसू लागले. चौकशीची घाई कोणालाच नव्हती. ज्यांचा मुलगा घरी परतला नाही, त्या आईवडिलांनाच काय ती घाई होती.

दुसरीकडे खुर्चीचा खेळ सुरू राहिला. पहिली संविधान सभा २०१२ मध्ये संविधानाविनाच विसर्जित झाली. दुसऱ्या सभेने २० सप्टेंबर २०१५ रोजी संविधान दिले. मात्र तराईतील मधेशी व थारू समाजांना ते आपले वाटले नाही. तेथील आंदोलनात अनेकांचे प्राण गेले. २००८ ते २०२५ या काळात डझनाहून अधिक सरकारे आली आणि एकानेही पाच वर्षे पूर्ण केली नाहीत. प्रचंड, देउबा आणि ओली हे नेते आलटून पालटून पंतप्रधान होत राहिले. ओली यांनी डिसेंबर २०२० आणि मे २०२१ मध्ये प्रतिनिधी सभा विसर्जित केली. दोन्ही वेळा सर्वोच्च न्यायालयाने ती पुनःस्थापित केली.

तेथील अल्पसंख्य ख्रिस्ती समाजानेही या काळाची झळ सोसली. २००६ मध्ये नेपाळ धर्मनिरपेक्ष घोषित झाला. परंतु २३ मे २००९ रोजी ललितपूर येथील कॅथोलिक चर्चमध्ये मिस्साच्या वेळी बॉम्बस्फोट होऊन तीन जणांचा बळी गेला. २०१५ च्या संविधानाने धर्मस्वातंत्र्य दिले, त्याच कलमात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्यास मनाई केली. कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षातला हक्क यांत अंतर उरले.

४ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. भ्रष्टाचार आणि बेरोजगारी यांमुळे आधीच संतप्त असलेले तरुण ८ तारखेस रस्त्यावर उतरले. त्या दिवशी गोळीबारात १९ जण मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी ओली यांनी राजीनामा दिला, परंतु संसद भवन आणि सिंहदरबार आगीत होरपळले. एकूण बळींची संख्या सत्तरच्या पुढे गेली. १२ सप्टेंबरला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या. देशाच्या त्या पहिल्या महिला पंतप्रधान. निवडणुकीसाठी ५ मार्च २०२६ ही तारीख ठरवण्यात आली.

निवडणुकीने चेहरे बदलतात. विश्वास मात्र वचनपूर्तीनेच येतो. शांती हे न्यायाचे फळ आहे, असे ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण सांगते. युद्धकाळात बेपत्ता झालेल्या व्यक्तींच्या कुटुंबीयांबरोबर आता २०२५ मध्ये गोळीबारात मुले गमावलेले आईवडीलही न्यायाच्या रांगेत उभे राहिले आहेत. काठमांडूच्या गादीवर कोणीही बसो, ही रांग किती पुढे सरकली, यावरच त्या तरुण प्रजासत्ताकाचे मोल ठरेल.