ताबा सुटतो तो वळणाआधी

‘वळणावर चालकाचा गाडीवरील ताबा सुटला’ हे वाक्य आपण मराठी वर्तमानपत्रांत इतक्या वेळा वाचले आहे की आता ते डोळ्यांना टोचतही नाही. गावाचे नाव आणि मृतांचा आकडा बदलतो, वाक्य तेच राहते. जणू ताबा ही खिशातल्या रुमालासारखी वस्तू असून ती वळणावर आपोआप गळून पडते! पण ताबा म्हणजे नेमके काय आणि तो सुटतो म्हणजे काय होते, हे कोणी सांगत नाही. गाडी चालवणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ते ठाऊक असते.

आमच्या बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका या वाक्याचा जुना ग्राहक आहे. 25 ऑक्टोबर 2023 च्या रात्री दौलावडगावजवळ एक रुग्णवाहिका ट्रकवर आदळली आणि काही तासांनी, 26 तारखेच्या पहाटे, मुंबईहून बीडकडे येणारी खासगी बस आष्टा फाट्याजवळ उलटली. एका रात्रीत एकाच तालुक्यात दहा माणसे गेली. त्या दोन अपघातांची कारणे तपासणे हे माझे काम नव्हे. परंतु दुष्काळी तालुक्यातला माणूस पोटासाठी सतत रस्त्यावर असतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीची बिऱ्हाडे ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघतात. पुण्या-मुंबईला गेलेली पोरे रात्रीच्या बसने ये-जा करतात. वळणाचे शास्त्र त्यांच्यासाठी शाळेतल्या धड्याहून मोठे आहे.

ते शास्त्र अवघड नाही. ज्याने ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून पाखरे राखली, त्याला ते हाताने कळलेले असते. गोफण फिरते तोवर दगड गोल फिरतो, कारण दोरी त्याला आत खेचून धरते. दोरीचे एक टोक सोडले की दगड सरळ जातो. गाडीचेही तसेच आहे. वळणावर आपण बाहेर फेकले जातो असे वाटते. वास्तविक गाडी सरळच जाऊ पाहत असते आणि तिला कोणीतरी आत खेचावे लागते. हे खेचणारी दोरी म्हणजे टायरची रस्त्यावरची पकड. मोटारीचा प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर टेकलेला असतो. अशा चार तळहातांवर अख्खे कुटुंब वळण घेत असते.

माझा जन्म बँकेच्या खतावण्यांत गेला, म्हणून मला ही पकड खात्यातल्या शिलकीसारखी दिसते. ब्रेक लावला की तिच्यातून रक्कम जाते, गाडी वळवली की त्याच शिलकीतून जाते, जोरात वेग वाढवला तरी त्यातूनच. तिन्ही धनादेश एकाच खात्यावर. वळणात शिरल्यावर घाबरून जो करकचून ब्रेक मारतो, तो शिल्लक संपत आली असताना दुसरा मोठा धनादेश फाडत असतो. तो वटत नाही.

आणि खर्चाचा दरही फसवा आहे. वेग दुप्पट झाला की वळायला लागणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. शंभर मीटर त्रिज्येचे एक साधे वळण घ्या आणि रस्ता सपाट धरा. ताशी 60 किलोमीटरला गाडीच्या वजनाच्या सुमारे 28 टक्के इतका आडवा जोर लागतो. ताशी 80 ला तो 50 टक्के होतो, शंभरला 79 टक्के. कोरड्या डांबरावर चांगला टायर 70-80 टक्क्यांपर्यंत साथ देतो. ओल्या रस्त्यावर 40-50 टक्क्यांवरच हात वर करतो. म्हणजे साठने निवांत जाणारी गाडी त्याच वळणावर, पहिल्या पावसात, ऐंशीला रस्ता सोडते. फरक फक्त वीस किलोमीटरचा.

हे झाले मोटारीचे. बस आणि ट्रक यांची तऱ्हा निराळी. बैलगाडीत कडबा भरणारा शेतकरी एका मर्यादेपलीकडे थर चढवत नाही. वजन जितके उंच, तितकी गाडी कलती. उंच माल लादलेल्या ट्रकला त्याच्या वजनाच्या 40 टक्क्यांच्या आसपासचा आडवा जोरही उलटवायला पुरतो. टायर घसरण्याआधीच तो कलंडतो. वरच्या मजल्यावर माणसे झोपवणारी बस किंवा टपावर पोती बांधलेली जीप याच दिशेने सरकत असते. हा दोष केवळ आपल्याकडच्या गाड्यांचा असेही नाही. 1997 साली स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाने मर्सिडीजच्या नव्या ए-क्लास गाडीला अचानक डावी-उजवी वळवून पाहिले, तर ती उलटली. कंपनीने पुढे सगळ्या ए-क्लास गाड्यांत घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली. ठेंगण्या गाडीपेक्षा उंच गाडीने वळणाला अधिक मान द्यावा, हा धडा मात्र यंत्रणेने पुसला नाही.

पकड संपताना गाडी दोन तऱ्हांनी वागते. कधी पुढची चाके ऐकेनाशी होतात. स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळणाबाहेर सरळ निघते. 1983 च्या मारुती 800 पासून आपल्याकडे पुढच्या चाकांना जोर असलेल्या गाड्या रुळल्या आणि त्यांचा कल बहुधा असा असतो. इथे स्टिअरिंग आणखी पिळण्याची बुद्धी होते, ती घातक. पाय ॲक्सिलरेटरवरून हलकेच काढून वेग उतरू द्यावा, म्हणजे पकड परत येते. कधी मागची चाके घसरतात आणि शेपूट पुढे येऊ पाहते. तेव्हा ती ज्या बाजूला जाते त्याच बाजूला, बेताने, स्टिअरिंग द्यावे लागते. पण खरे सांगायचे तर सामान्य चालकाला हे करायला एखादा क्षणच मिळतो. म्हणून शहाणपण आधीचे: वळणापूर्वी, चाके सरळ असतानाच वेग कमी करावा, वळणात ना ब्रेक, ना झटका, बाहेर पडताना सावकाश वेग द्यावा. 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. त्याने ब्रेक दाबूनही गाडी वळवता येते, परंतु खात्यात एक पैसाही नव्याने जमा होत नाही.

यावर कोणी म्हणेल, रस्ते बांधणारे काय करतात? करतात. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचललेली असते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमांनुसार ही चढण सपाट प्रदेशात 7 टक्क्यांपेक्षा जास्त ठेवत नाहीत, कारण त्याच वळणावरून लादलेली बैलगाडीही जायची असते. उरलेला भार टायरच्या पकडीवर, तोही वजनाच्या 15 टक्क्यांपर्यंतच धरतात. या हिशेबाने आपले शंभर मीटरचे वळण ताशी पन्नासच्या आसपासच्या वेगासाठीच असते. ऐंशीने जाणारा ते अभियंत्याच्या हिशेबाबाहेर, स्वतःच्या जोखमीवर घेतो.

23 सप्टेंबर 2022 रोजी अहमदनगर ते आष्टी ही 66 किलोमीटरची रेल्वे सुरू झाली आणि 17 सप्टेंबर 2025 रोजी ती बीडपर्यंत पोहोचली. रुळांनाही वळणे आहेत, तिथेही बाहेरचा रूळ उचललेला असतो. पण रेल्वेत वळणाचा वेग चालकाच्या मर्जीवर सोडत नाहीत. तो ठरवून, लिहून दिलेला असतो. रस्त्यावर हा निर्णय आपण एका झोपमोड झालेल्या माणसावर टाकतो. तासन् तास द्रुतगती मार्गावर धावलेल्या डोळ्याला ऐंशीचा वेग साठसारखा वाटतो, हीही त्यातली मेख.

मग मागायचे काय? रुंदीकरणात जुने वळण तसेच राहिले असेल, तर तिथे सुरक्षित वेगाचा आकडा मोठ्या फलकावर हवा. वळणावर सांडलेली खडी आणि उसाचे पाचट उचलले गेले पाहिजे. आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढून परवाना मिळतो. त्या मुंगीच्या वेगात स्टिअरिंग कळते, पकड कळत नाही. बँकेत वाहनकर्जाची प्रकरणे मी वर्षानुवर्षे पाहिली. त्यात जामीनदार असे, विमा असे. चालकाला वळणाचे ज्ञान किती, हा रकाना मात्र कुठेच नव्हता.

2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मेली. त्यातले वळणावर किती, हा हिशेब तूर्त बाजूला ठेवू. घरातल्या नव्या चालकाला हा गोफणीचा आणि शिलकीचा हिशेब एकदा समजावून सांगा. आणि रात्रीच्या बसमध्ये वेग जाणवला, तर भीड न बाळगता पुढे जाऊन म्हणा, ‘मामा, वळण आलंय, जरा हळू घ्या.’ तो रागावेल कदाचित, रागावू द्या.